चूक कोणाची?

मुलीकडे जर्मनीत आले की पहिले काही दिवस मी स्वयंपाकघरात पाहुणीसारखी वावरते. इथे गॅस नाही. काळ्या गुळगुळीत काचेची सिरॅमिक शेगडी आहे. वर चौकोनात मांडलेली चार वर्तुळं आणि खाली ओव्हनच्या दारावर एका ओळीत चार बटणं.

परवा सकाळी पुढच्या डाव्या वर्तुळावर दूध ठेवलं, बटण फिरवलं आणि पाठ वळवून भाजी चिरत बसले. थोड्या वेळाने घरभर जळका वास. दूध गारच! मागच्या वर्तुळावर कोणीतरी ठेवलेला नातवाचा प्लॅस्टिकचा डबा वितळून काचेला चिकटला होता. मुलगी म्हणाली, "अगं आई, बटणाशेजारी खूण असते ना!" असते की. मोहरीएवढे चार ठिपके, त्यातला एक भरीव. चष्मा लावून वाकले तेव्हा दिसली.

दिवसभर अपराधी वाटत राहिलं. मग माझ्यातली शिक्षिका जागी झाली. एकच प्रश्न निम्म्या वर्गाचा चुकला तर मुलांना रागावण्याआधी आपण प्रश्न तपासतो. इथे तर जावई आणि मुलगीसुद्धा अधूनमधून चुकीचं बटण फिरवतात. वर्तुळं चौकोनात आणि बटणं ओळीत, मग कोणतं कोणाचं हे हाताला कळणार कसं? डोनाल्ड नॉर्मन यांनी १९८८ साली आलेल्या आपल्या पुस्तकात नेमकं शेगडीचंच उदाहरण दिलं आहे. बटणं वर्तुळांसारखीच मांडली तर खुणांची गरजच उरत नाही. इतकी साधी गोष्ट!

गॅसवर चूक झाली तर ज्योत लगेच चुगली करते. इथे काचेखालची तार लाल होते, विझते, पुन्हा लाल होते. विझली म्हणजे बंद झाली असं नाही. बटण बंद केलं तरी काच बराच वेळ तापलेली राहते. दूध वर आलं तर पातेलंच उचलावं लागतं. 'अजून गरम आहे' सांगणारा छोटा लाल दिवा मात्र खरा गुणी. तीन वर्षांच्या नातवाला आम्ही तेवढंच पाठ करून घेतलंय: लाल दिवा दिसतोय तोवर हात मागे.

शेगडी वाईट नाही. पुसायला सोपी, काजळी नाही. भात होत आला की बटण आधीच बंद करावं, उरलेल्या आचेवर तो छान मुरतो. हे सगळं मी शिकले, आणखीही शिकेन. पण "वय झालं की असं व्हायचंच" हे मला मान्य नाही.

मुलीने आता पुढच्या दोन वर्तुळांच्या बटणांशेजारी माझ्या पाकिटातल्या लाल टिकल्या चिकटवल्या आहेत. तेव्हापासून घरात कोणीच चुकलेलं नाही. जे दोन टिकल्यांनी साधलं, ते कारखान्यातच करायला काय हरकत होती?