गॉब्लिनांची बाजू आणि वाचकांचा कौल

पाश्चात्य लोककथांतील गॉब्लिन म्हणजे जमिनीखाली राहणारा, बुटका, कुरूप आणि कपटी जीव. आपल्याकडील खविसाचा तो दूरचा नातलग म्हणावा, तर खविसाइतका दराराही त्याला नाही. नायकाने तलवार उपसावी आणि याने मरावे, एवढेच काम अद्भुतकथेने त्याच्याकडे दीर्घकाळ सोपविले होते. गेल्या दोन दशकांत मात्र इंग्रजी अद्भुतकथेत हा जीव नायकपदी बसू लागला आहे आणि त्यावरून वाचकांत मतभेद माजलेले दिसतात. दुष्टालाच नायक केले तर मुलांनी भलेबुरे ओळखावे कशावरून, असा एका वर्गाचा सवाल असतो. दुसरा वर्ग अशा कथांचे स्वागत करतो. पण त्याचीही तक्रार आहेच. त्याच्या मते अशा कथांत गॉब्लिन हा गॉब्लिन उरतच नाही, तो वेगळ्या कातडीचा सज्जन माणूस होऊन बसतो. यांपैकी पहिला आक्षेप अधिक वजनदार वाटतो खरा, परंतु विचार करावा असा आक्षेप दुसरा आहे.

पहिल्या आक्षेपात असे गृहीत धरलेले असते, की जुन्या कथांत गॉब्लिनांना बाजूच नव्हती. वस्तुस्थिती तशी नाही. जॉर्ज मॅक्डोनाल्ड यांची ‘द प्रिन्सेस अँड द गॉब्लिन’ ही कादंबरी १८७२ साली पुस्तकरूपाने आली. तिच्या आरंभीच सांगितले आहे, की हे लोक एके काळी जमिनीवरच राहत असत. राजाने डोईजड कर बसविले किंवा जाचक रीती लादल्या, म्हणून ते भुयारांत उतरले अशी दंतकथा होती. म्हणजे ही मुळात करांच्या ओझ्याने परागंदा झालेली रयत! इंग्रजी अमलाच्या आरंभी दख्खनमधील शेतकरी सारावसुलीला कंटाळून निजामाच्या मुलखात निघून जात, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या दंतकथेत नवल वाटू नये. पुढे मॅक्डोनाल्ड याच लोकांना राजकन्येला पळवू पाहणारे खलनायक करतात, आणि करांची गोष्ट वाचकही विसरून जातो.

टॉल्किन यांच्या ‘द हॉबिट’मधील (१९३७) गॉब्लिन बोगदे खणण्यात आणि हत्यारे व यंत्रे बनविण्यात वाकबगार आहेत, दुष्ट तर आहेतच. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये हीच जमात ऑर्क या नावाने येते. १९५४ साली ऑक्सफर्डमधील एका कॅथलिक पुस्तकविक्रेत्याने टॉल्किन यांना पत्र लिहून शंका विचारली, की दुष्ट शक्तीला जीव निर्माण करता येतात असे दाखविणे धर्मविचाराला धरून आहे काय? टॉल्किन यांनी लांबलचक उत्तराचा मसुदा लिहिला, आणि तो पाठविला नाही. ऑर्क स्वभावतः दुष्ट खरे, पण त्यांचा उद्धार कधीच शक्य नाही असे म्हणण्यापर्यंत जाणे त्यांना त्या मसुद्यातही जड गेले. सबंध जमातच्या जमात जन्मतः नीच ठरविण्यात काही तरी चुकते आहे, हे प्रत्यक्ष लेखकाला एका वाचकाच्या प्रश्नामुळे कागदावर मांडावे लागले, ही साधी गोष्ट नव्हे.

याहून बोलके उदाहरण ‘हॅरी पॉटर’चे आहे. तेथे गॉब्लिन बँक चालवितात. त्यांच्या नाकाडोळ्यांच्या वर्णनात ज्यूंविषयीच्या जुन्या द्वेषचित्रांचा भास होतो, अशी चर्चा २०२२ साली पुष्कळ झाली. त्या गदारोळात एक महत्त्वाचा मुद्दा मात्र बाजूला पडला. मालमत्तेविषयी गॉब्लिनांचा स्वतःचा कायदा आहे. वस्तू घडविणाऱ्याची, विकत घेणारा केवळ हयातभराचा भाडेकरू. तो वारला की वस्तू परत यावी. मोबदल्याशिवाय ती वारसाला देणे ही चोरी. मालकीहक्काचा हा सिद्धांत हास्यास्पद मुळीच नाही. विणकराला, चित्रकाराला, ग्रंथकाराला तो मनोमन पटावा. मालिकेच्या शेवटच्या भागात (२००७) हॅरी बँकेत शिरण्यासाठी ग्रिपहूक या गॉब्लिनाची मदत घेतो. त्याबदल्यात गॉब्लिनांनी घडविलेली तलवार देण्याचे तो कबूल करतो, पण केव्हा देणार हे मुद्दाम सांगत नाही. ग्रिपहूक मोक्याच्या क्षणी तलवार घेऊन पळतो आणि वाचकांच्या लेखी विश्वासघातकी ठरतो. करारातील लबाडी आधी कोणी केली, याचा हिशेब सहसा मांडला जात नाही.

आता दुसरा आक्षेप. कॅथरीन ॲडिसन यांच्या ‘द गॉब्लिन एम्परर’चा (२०१४) अर्धा गॉब्लिन असलेला तरुण सम्राट अत्यंत लोभस आहे, पण दरबार, भाषा, रीतिरिवाज सारे एल्फांचे, आणि गॉब्लिनपणा बव्हंशी त्याच्या वर्णात आणि आईच्या उपेक्षेत उरतो. टेरी प्रॅचेट यांनी ‘स्नफ’मध्ये (२०११) अधिक धाडस केले. त्यांचे गॉब्लिन स्वतःची कापलेली नखे आणि शरीरातील मळ धर्मभावनेने जपतात आणि त्यासाठी अप्रतिम भांडी घडवितात. वाचकाला किळस येते आणि आदरही वाटतो. त्यांना गुलाम करून तंबाखूच्या मळ्यांवर पाठविले जाते, तेव्हा मग संताप आल्यावाचून राहत नाही. परंतु अखेरीस एक गॉब्लिन मुलगी प्रतिष्ठितांपुढे हार्प वाजविते, त्यांची मने द्रवतात आणि तिच्या जमातीला हक्क मिळतात. तिला हार्प वाजविता आली नसती तर? प्रॅचेट यांच्यासारख्या चतुर लेखकाने येथे सोपी वाट धरली असेच म्हणावे लागेल.

मराठी वाचकाला हा प्रश्न परका नाही. गोव्यात आमोणे आणि लोलये येथे वेताळ हे ग्रामदैवत आहे. ‘वेताळ पंचविशी’त कपटी योग्यापासून राजाला सावध करतो तोही मढ्यात शिरलेला वेताळच, आणि प्रत्येक गोष्ट सांगून झाली की तो निवाडा ऐकणाऱ्याकडे मागतो. ‘हॅरी पॉटर’ मराठीतही आले आहे. एखाद्या शिक्षकाने ग्रिपहूकची गोष्ट वर्गात सांगावी, तो तलवार घेऊन पळतो तेथेच थांबावे आणि वेताळाच्या रीतीने विचारावे: तलवार कोणाची? घडविणाऱ्याची, विकत घेणाऱ्याची, की गरजेच्या वेळी जिच्या मुठीवर ज्याचा हात पडला त्याची?