तलावाची उथळ कड तेवढी सोडा

मोर्शी तालुक्यातल्या संत्रा बागायतदारांना, सरपंचांना आणि तलावावर मासेमारी करणाऱ्या भावांना एक कळकळीची विनंती आहे. येत्या उन्हाळ्यात गावच्या तलावात पोकलेन उतरेल, तेव्हा तलाव या काठापासून त्या काठापर्यंत खरडून काढू नका.

गाळ काढूच नका, असं माझं म्हणणं नाही. वरुड-मोर्शी पट्ट्यात भूजलाचा उपसा किती झाला आहे, हे बोअर मारणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत निघालेला गाळ शेतात गेला, तलावात पाणी वाढलं, हे चांगलंच झालं. पण पाणी साठतं ते मधल्या खोल भागात. गुडघाभर पाण्याची कड खरडून साठा फारसा वाढत नाही आणि तिथं राहणारं सगळं मात्र टिप्परमध्ये भरून जातं.

विदर्भातल्या जुन्या तलावांच्या अशा उथळ पाण्यात यूट्रिक्युलारिया नावाची मांसाहारी वनस्पती वाढते. कासच्या पठारावर प्रसिद्ध असलेली ‘सीतेची आसवं’ तिच्याच कुळातली. तलावातल्या जातींना मुळंच नसतात. पाण्याखाली बारीक हिरव्या फांद्यांचा गुंता, त्यावर दोन-तीन मिलिमीटरचे फुगे आणि पाण्याच्या वर काढलेलं पिवळं फूल, एवढाच तिचा पसारा. फुग्याच्या तोंडावरच्या केसाला एखादा सूक्ष्म जीव किंवा डासाची लहानशी अळी लागली, की झडप उघडते आणि शिकार पाण्यासकट आत ओढली जाते. सेकंदाच्या हजाराव्या भागात हे उरकतं.

ती किडे खाते, कारण तिच्या पाण्यात नत्र फार थोडं असतं. जिथं इतर वनस्पती उपाशी राहतात, तिथंच तिचा निभाव लागतो. म्हणून आपला युरिया तिच्या मुळावर येतो. मृग बहाराला दिलेलं खत जोराच्या पावसानं वाहून तलावात उतरलं, की शेवाळ आणि जलपर्णी माजते, पाण्याखालचा उजेड जातो आणि ती गुदमरते. काठावर बेशरम पसरली, की उरलीसुरली जागाही संपते.

तिच्यासारखीच मुळं नसलेली, पाण्यातली दुसरी मांसाहारी वनस्पती म्हणजे अल्ड्रोवांडा. तिची पहिली लिखित नोंद १६९६ सालची, तीही भारतातून गेलेल्या नमुन्यांवरून. आज ती जगभर संकटग्रस्त आहे. कुणी मुद्दाम उपटून तिला संपवलं नाही. दलदली बुजवल्या गेल्या आणि पाणी खतानं बिघडलं. आपल्या तलावांतही नेमकं हेच चाललं आहे.

सरकार बघून घेईल, या भरवशावर राहू नका. पाणथळ जागांसाठी २०१७ चे केंद्रीय नियम आहेत. पण सिंचनासाठी किंवा पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले जलाशय त्यांतून वगळलेले आहेत. म्हणजे सिंभोऱ्याचं अप्पर वर्धा धरण काय किंवा गावचा पाझर तलाव काय, या नियमांचं संरक्षण तिथं पोचत नाही. मात्र २००२ च्या जैवविविधता कायद्यानं ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायलाच हवी. ग्रामसभेत विचारा, आपली समिती कुठं आहे आणि तिच्या नोंदवहीत तलावावर काय लिहिलं आहे.

खोदकामाआधी पोकलेनवाल्याला दोर लावून हद्द दाखवा. काठाचा एक सलग पट्टा जसाच्या तसा राहू द्या, कारण तलाव आटल्यावर यूट्रिक्युलारियाचं बी तिथल्याच गाळात पडून असतं. बेशरम मात्र मुळासकट काढा. तलावाकडच्या धुऱ्यावर गवत राखा, जोराचा पाऊस दिसत असेल तर खत दोन दिवस थांबवा. धरणाच्या गाळपेर जमिनीवर फवारणी करणाऱ्यांनी तर फारच जपायला हवं. तिथलं औषध थेट पाण्यात जातं आणि ते पाणी अमरावती शहर पितं.

यूट्रिक्युलारियाची नोंद करायला पावसाळा सरल्यानंतरचे दिवस बरे, कारण फूल असलं तरच ती सहज ओळखू येते. जाळ्यात गुंता सापडला तर परत पाण्यात सोडा. काठावरून फोटो काढा, तलावाचं नाव आणि तारीख लिहा, आणि जवळच्या कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांना दाखवा. उपटून घरी मात्र आणू नका.