पोराच्या हातात पैसा आला, पण कागद कुठे आहे?

लग्नसराई सुरू झाली की कर्जत-खालापूरच्या पट्ट्यातील फार्महाऊस, रिसॉर्ट आणि हॉलच्या मागच्या दारात संध्याकाळी पंधरा-सोळा वर्षांची पोरे टेम्पोतून उतरताना दिसतात. काळी पँट, पांढरा शर्ट, हातात ट्रे. मध्यरात्र उलटली तरी भांडी घासणे संपत नाही. दुसऱ्या दिवशी तीच पोरे नववी-दहावीच्या बाकावर डोके टेकून झोपलेली असतात. कुंभिवलीसारख्या गावातून, वाड्या-वस्त्यांतून, बौद्धवाड्यांतून ही पोरे जातात. कुणी वाढप्याचे काम करतो, कुणी फार्महाऊसवर पोहण्याचा तलाव धुतो, कुणी हायवेच्या गॅरेजमध्ये हातोडी उचलतो. मुली बंगल्यांवर झाडू-पोछा करतात. सुटीच्या दिवशी घरात चार पैसे येतात, आई समाधानाने ते डब्यात ठेवते.

या पैशाला नावे ठेवण्याचा अधिकार कुणालाही नाही. ज्या घरात चूल पेटण्याची भ्रांत आहे त्या घराला उपदेश करणे सोपे असते. पण एक प्रश्न विचारलाच पाहिजे. या पोराने काम केले याचा पुरावा काय? किती तास केले, किती मजुरी ठरली, हात भाजला तर जबाबदार कोण, याचा एक तरी कागद कुठे आहे? कागद नसेल तर ते काम कायद्याच्या नजरेत झालेलेच नाही. आणि जे झालेलेच नाही त्याची मजुरी बुडवायला मालकाला कसली भीती?

आपल्या चळवळीत या विषयावर दोन मते ऐकू येतात. एक मत म्हणते, बाबासाहेबांनी शिका म्हणून सांगितले, तेव्हा पोरांनी फक्त शिकावे, कामाचे नाव काढू नये. दुसरे मत म्हणते, घरात अडचण आहे, पोरगा हाताशी आला आहे, तर कमवू दे. पहिले मत बरोबर आहे, पण वह्या-पुस्तकांचा, एसटीच्या पासचा आणि क्लासचा खर्च कोण करणार याचे उत्तर त्याच्यापाशी नाही. दुसरे मत खरे बोलते, पण त्याचा शेवट बहुतेक वेळा शाळा सुटण्यात होतो. म्हणून या दोन्ही मतांच्या मधली वाट शोधावी लागेल. ती वाट कायद्यात आहे, फक्त आपण तिच्यावरून चाललो नाही.

आधी परिस्थिती नीट समजून घेऊ. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा हक्क दिला. चौदा पूर्ण झाले की हा हक्क संपतो. रोजगार हमीच्या कामावर मजूर म्हणून उभे राहायचे तर वय अठरा पूर्ण हवे. म्हणजे चौदा ते अठरा या चार वर्षांत शासनाच्या लेखी आपले पोर ना हक्काचा विद्यार्थी, ना हक्काचा मजूर. श्रीमंताच्या मुलाची ही चार वर्षे क्लासमध्ये जातात. आपल्या मुलाची ठेकेदाराच्या टेम्पोत जातात. पुढच्या चाळीस वर्षांचे आयुष्य या चार वर्षांत ठरते.

मग कायदा अगदीच मुका आहे काय? तसे नाही. १९८६ च्या बालकामगार कायद्यात २०१६ साली मोठी दुरुस्ती झाली. चौदाच्या आतील मुलाला कामावर ठेवण्यास बंदी आली. चौदा ते अठरा वयाला 'किशोर' असे वेगळे नाव मिळाले. किशोराला खाणीत, ज्वालाग्राही व स्फोटक पदार्थांच्या कामावर आणि धोकादायक प्रक्रियेत लावता येत नाही. पाताळगंगा-रसायनीपासून खोपोलीपर्यंत रासायनिक आणि पोलादाचे कारखाने असलेल्या आपल्या भागाला ही बंदी नीट पाठ असली पाहिजे. ती मोडणाऱ्या मालकाला सहा महिने ते दोन वर्षे कैद, किंवा वीस ते पन्नास हजार रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

इतर आस्थापनांत किशोराने काम करावे, पण कुंपणाच्या आत, असे हाच कायदा सांगतो. सलग तीन तासांपेक्षा जास्त काम नाही, मग एक तास विश्रांती. विश्रांती आणि वाट पाहण्याचा वेळ धरून दिवसाचे एकूण सहा तास. संध्याकाळी सातपासून सकाळी आठपर्यंत काम नाही. ओव्हरटाइम नाही. एका दिवशी दोन ठिकाणी काम नाही. आठवड्याला एक पूर्ण सुटी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मालकाने रजिस्टर ठेवायचे. त्यात मुलाचे नाव, जन्मतारीख, कामाचे तास, विश्रांतीची वेळ आणि कामाचे स्वरूप लिहायचे. आम्ही ज्या कागदाबद्दल विचारतो आहोत तो हाच. तो मालकाची मेहेरबानी नाही, त्याचे कर्तव्य आहे. ते न करणाऱ्याला एक महिन्यापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्हींची तरतूद आहे.

आता या कुंपणावर लग्नाच्या हॉलमधले काम ठेवून बघा. ते सुरूच होते संध्याकाळी सातनंतर! अठराच्या आतील पोराला रात्री वाढपी म्हणून उभे करणे कायद्याला मान्यच नाही. हे स्पष्ट सांगण्यात आपण कचरतो, कारण पैसा बुडेल अशी भीती वाटते. पण ६ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आपल्याच तालुक्यातील माथेरानबद्दल काय सांगितले ते आठवा. तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने माणसाने माणसाला ओढण्याच्या हातरिक्षा अमानुष ठरवल्या, सहा महिन्यांत बंद करा म्हणून सांगितले आणि रिक्षा ओढणाऱ्यांच्या पुनर्वसनासाठी ई-रिक्षांची योजना आखण्यास फर्मावले. पैसे नाहीत ही सबब चालणार नाही, असेही बजावले. पोटासाठी करतो म्हणून कोणतेही काम माणसाला शोभणारे होत नाही. आणि ते बंद करायचे तर पर्याय द्यावा लागतो. आपल्या पोरांच्या कामालाही हेच दोन्ही नियम लावायचे आहेत.

मजुरी बुडवण्याबद्दल आणखी एक गोष्ट प्रत्येक आई-बापाने लक्षात ठेवावी. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचे कलम ७९ अठरा वर्षांखालील प्रत्येकाला लागू आहे. कामासाठी मुलाला वेठीला धरणे, त्याची कमाई अडवून ठेवणे किंवा ती स्वतःसाठी वापरणे यासाठी पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपये दंड आहे. 'पुढच्या सीझनला देतो' म्हणणाऱ्या ठेकेदाराला हे कलम वाचून दाखवा. किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर राबवणे म्हणजे घटनेच्या कलम २३ खालील वेठबिगार, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्येच एशियाड कामगारांच्या खटल्यात सांगितले आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून १९४८ चा किमान वेतन कायदा जाऊन वेतन संहिता आली, तरी किमान वेतनाचा हक्क गेलेला नाही. वीटभट्टीवर जाणाऱ्या कातकरी बांधवांनीही ऐकावे. अल्पवयीनाच्या नावावर दिलेली उचल करार म्हणून कोर्टात टिकत नाही. अल्पवयीनाचा करार मुळातच रद्दबातल असतो, हे १९०३ पासूनचे ठरलेले तत्त्व आहे. आणि उचलीच्या बदल्यात माणूस अडकवणे १९७६ पासून गुन्हा आहे.

प्रश्न फक्त तासांचा आणि मजुरीचा नाही. कोणत्या पोराला कोणते काम मिळते, हाही आहे. मुंबईच्या गिरण्यांत एकेकाळी अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात प्रवेश नव्हता. तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागतो, तो विटाळेल, हे कारण! जास्त पगाराचे खाते त्यामुळे बंद. १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांपुढे बोलताना बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले ते याच अनुभवावरून. आज रिसॉर्टच्या काउंटरवर कोण बसतो आणि मागे खरकटे कोण उचलतो, हे एकदा मोजून पाहा. २०१६ च्या दुरुस्तीने चौदाच्या आतील मुलाला शाळेनंतर आणि सुटीत 'कौटुंबिक व्यवसायात' मदत करण्याची सूट दिली. ऐकायला गोड आहे. पण या देशात कुटुंबाचा व्यवसाय जातीने ठरवला आहे. डॉक्टरचा मुलगा सुटीत दवाखान्यात बसेल, झाडूवाल्याचा मुलगा झाडू धरेल. ही सूट कुणाला कुठे नेऊन ठेवते, ते सांगायला नको.

आता त्या दाराकडे येऊ, जे उघडे आहे आणि ज्यातून आपण जात नाही. ते दार म्हणजे १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा, ज्याला आपण अप्रेंटिसशिप म्हणतो. चौदा वर्षे पूर्ण झालेल्याला शिकाऊ उमेदवार होता येते. धोकादायक उद्योगातील व्यवसायासाठी वय अठरा हवे. अल्पवयीनाच्या वतीने पालक करारावर सही करतो आणि तो करार नोंदवला जातो. म्हणजे कागद आला! अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी मालकाची. २०१९ च्या नियमदुरुस्तीने तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ घेणे बंधनकारक केले आणि पाचवी ते नववी पास उमेदवाराला महिना किमान पाच हजार, दहावी पास उमेदवाराला सहा हजार रुपये विद्यावेतन ठरवले.

आणि याच कायद्याचे कलम ३-क म्हणते की मालकाने अनुसूचित जाती-जमातींसाठी शिकाऊंच्या जागा राखून ठेवल्या पाहिजेत. खाजगी कारखान्यातसुद्धा! खाजगी क्षेत्रात आरक्षण हवे म्हणून आपण वर्षानुवर्षे मोर्चे काढतो. ती मागणी योग्यच आहे. पण खाजगी कारखान्याच्या दारात जे आरक्षण १९७३ पासून कायद्यात लिहिलेले आहे, त्याची यादी मागायला आपल्यापैकी किती जण गेले? १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांनाही अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या. दाखला हातात आहे, कायदा पुस्तकात आहे, मधली पायपीट कुणीच केली नाही.

या दाराचे गुणगान करताना त्याची खोटही सांगितली पाहिजे. शिकाऊ उमेदवार कायद्याने कामगार ठरत नाही, आणि मुदत संपल्यावर नोकरीची हमी नाही. काही मालक शिकाऊंना स्वस्त मजूर म्हणून राबवून सोडून देतात. शिवाय पूर्णवेळ शिकाऊ होणे म्हणजे नियमित कॉलेज सोडणे. म्हणून ज्या मुला-मुलीची बारावी आणि पदवीची तयारी आहे त्यांना तिकडे ढकलू नये. हे दार शाळा सुटलेल्यांसाठी आणि आयटीआयकडे वळणाऱ्यांसाठी आहे. आज ती पोरे बिगारी होतात. ती फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन व्हावीत, एवढीच मागणी आहे.

आणि जे शिकत आहेत त्यांनी कमवायचे कसे? दिवसाउजेडी, सुटीच्या दिवशी आणि गावाजवळ. पावसाळ्यात पेठचा कोथळीगड, पेब, इर्शाळगडावर शहरातून माणसांची रीघ लागते. वाट दाखवणारा गावचाच असावा आणि त्याचा दर ग्रामपंचायतीने ठरवून फलकावर लिहावा. रोपवाटिकेतले काम आहे, दुकानातला हिशेब आहे, शिलाई आहे. आपल्या विहारात दहावीच्या मुलीने तिसरी-चौथीच्या पोरांची शिकवणी घ्यावी आणि वस्तीने वर्गणीतून तिला मानधन द्यावे, यात तर पैसाही घरात आणि विद्याही घरात. कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयतच्या वसतिगृहांतून 'कमवा आणि शिका' ही गोष्ट गरिबांच्या पोरांना शिकवली. महाविद्यालयांत ती योजना चालते. मग अकरावी-बारावीच्या मुलांसाठी ती का नसावी? ही मागणी आपल्या निवेदनांत आली पाहिजे.

तेव्हा बांधवांनो, सभेतली भाषणे थोडी कमी करून प्रत्येक वस्तीने चार कामे हाती घ्यावीत. एक, विहारात एक वही ठेवा. चौदा ते अठराचे कोणते पोर कुठे, किती तास, किती मजुरीवर जाते ते दर रविवारी लिहा. मालकाचे रजिस्टर नसेल तर आपली वही पुरावा होईल. दोन, मजुरी मुलाच्या बँक खात्यात मागा. दहा वर्षांवरील मुलाला स्वतः चालवता येईल असे बचत खाते बँका देतात. तीन, तालुक्यातील तीसहून अधिक माणसे असलेल्या कारखान्यांकडे आणि रिसॉर्टकडे शिकाऊंच्या आणि राखीव जागांची माहिती लेखी मागा. उत्तर आले नाही तर जिल्ह्याच्या अप्रेंटिसशिप कार्यालयाकडे माहितीचा अधिकार वापरा. चार, मजुरी अडली तर मुलाला एकट्याला ठेकेदाराच्या दारात पाठवू नका. वस्तीतील दोन मोठी माणसे आणि एक लेखी अर्ज सोबत जाऊ द्या.

१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खाते सांभाळत होते. १९४६ मध्ये कारखान्यांतील कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ झाले आणि किमान वेतनाचे विधेयक मांडले गेले. ज्यांच्या घामाला किंमत नव्हती त्यांच्या घामाचा हिशेब त्यांनी कायद्याच्या कागदावर आणला. आपल्या पोराच्या घामाचा हिशेब एका वहीत लिहिणे आपल्याला जमणार नसेल, तर जयंतीला डीजे लावून काय साधणार? पुढच्या रविवारी वही विकत घ्या आणि पहिले नाव लिहा.

जय भीम!