वळण मोडले की वाळू कुठे जाते?

इंग्लंडच्या उत्तरेला, लेक डिस्ट्रिक्टच्या डोंगरांत, स्विंडेल बेक नावाचा ओढा आहे. गवताची कुरणे कोरडी राहावीत म्हणून साधारण दोनशे वर्षांपूर्वी तिथल्या लोकांनी त्याची वळणे काढून तो सरळ केला. 2016 साली तो मुद्दाम पुन्हा वाकडा करण्यात आला. पक्षीरक्षणाचे काम करणारी आरएसपीबी, युनायटेड युटिलिटीज ही पाणीपुरवठा कंपनी आणि सरकारी एन्व्हायर्नमेंट एजन्सी यांनी मिळून सुमारे 900 मीटरचे नागमोडी पात्र खोदले आणि ओढा त्यात सोडला. काही महिन्यांतच तिथे सालमन मासे अंडी घालायला आले.

बातमी माशांची झाली. खरी गोष्ट गोट्यांची आहे. सालमनला अंडी घालायला सुट्या, स्वच्छ गोट्यांचा थर लागतो, त्यातून पाणी खेळते राहावे लागते. सरळ पात्रात तो थर टिकत नाही. वळणे काढली की वाट आखूड होते, उतार वाढतो आणि पाण्याला वेग येतो. जॉर्ज एअरी या ब्रिटिश राजज्योतिषाच्या नावाने ओळखला जाणारा एक नियम आहे: वेग दुप्पट झाला तर पाणी ढकलू शकेल अशा दगडाचे वजन चौसष्टपट होते. म्हणजे वेगात थोडी वाढ झाली तरी काल जागेवर बसलेला गोटा आज वाहून जातो आणि खाली जिथे उतार संपतो तिथे जाऊन पडतो. वरचे पात्र खरवडले जाते, खालचे भरते. मग खालची माणसे म्हणतात, नदीत गाळ फार झाला.

वाळू नेमकी कुठे बसणार हे वळण ठरवते. ते कसे, हे 1876 मध्ये जेम्स थॉमसन यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडले. हे लॉर्ड केल्विन यांचे थोरले भाऊ, ग्लासगोला अभियांत्रिकीचे प्राध्यापक. वळणावर पाणी बाहेरच्या काठाकडे फेकले जाते, म्हणून त्या बाजूची पातळी किंचित उंच राहते. वरचे पाणी जोरात असल्याने त्या चढाला दाद देत नाही. तळाचे पाणी मात्र जमिनीला घासून मंदावलेले असते. त्याचा बाहेर जाण्याचा जोर कमी पडतो आणि उंच पातळीच्या दाबाने ते आतल्या काठाकडे ढकलले जाते. जाताना तळाची वाळू बरोबर नेते आणि तिथे टाकते. बाहेरच्या काठावर वरून खाली उतरणारे निवळ पाणी दरड पोखरत राहते. कपातला चहा ढवळल्यावर चहाची पत्ती मधोमध गोळा होते त्यामागेही हेच कारण आहे. आइन्स्टाइन यांनी 1926 मध्ये त्यावर एक छोटा निबंध लिहिला होता. आपल्याकडे कृष्णाकाठच्या शेतकऱ्याला हे सांगावे लागत नाही. मळी कोणत्या काठाला धरते, कोणत्या काठाची जमीन दर पावसाळ्यात तुटते, आणि वांगी कुठे लावायची, हे त्याला ठाऊक असते.

हे ज्ञान केवळ इंग्लंडात तयार झाले नाही. त्याचा मोठा भाग पुण्याजवळ घडला, आणि याचा आपल्याला अभिमान असायला हवा. खडकवासल्याच्या जलसंशोधन केंद्राची सुरुवात 1916 सालची, मुंबई इलाख्याच्या काळातली. तिथे क्लॉड इंग्लिस यांनी मोठमोठ्या नद्यांची छोटी प्रतिकृती-पात्रे करून त्यांत खरे पाणी आणि खरी वाळू सोडून पाहिली. सिंधू नदीवरचे सक्करचे बॅरेज 1932 साली सुरू झाले आणि थोड्याच वर्षांत उजव्या तीरावरच्या कालव्यांत वाळू भरू लागली. पुण्यातल्या प्रतिकृतीवरून उपाय निघाला: कालव्याच्या तोंडाकडे येणाऱ्या पाण्याला असे वळण द्यायचे की तोंड बाहेरच्या काठावर येईल. वरचे निवळ पाणी कालव्यात आणि तळाची जड वाळू परस्पर पलीकडे. थॉमसन यांनी जे कागदावर मांडले ते इथे सिंधूला लावून पाहिले गेले.

वळणाची लांबी पाण्याच्या प्रमाणाच्या वर्गमुळानुसार बदलते, हेही इंग्लिस यांनी आकडेवारीवरून दाखवले. पाणी चौपट, तर वळण दुप्पट लांब. पुढे तेच इंग्लंडला परतून तिथल्या जलसंशोधन संस्थेचे प्रमुख झाले, आणि ही संस्था ऑक्सफर्डशरमध्ये टेम्सकाठच्या वॉलिंगफर्डला स्थिरावली. खडकवासल्यात मुरलेला माणूस ब्रिटनच्या नद्यांचे काम पाहू लागला.

उष्ण कटिबंधातल्या महानद्यांवर ब्रिटनमध्ये आजही काम चालते. कार्डिफ विद्यापीठातल्या होजे कॉन्स्टंटाइन आणि सहकाऱ्यांनी 1985 ते 2013 पर्यंतची उपग्रहचित्रे लावून ॲमेझॉन खोऱ्यातल्या नद्यांचे वीस टप्पे तपासले. 2014 मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला: अँडीज पर्वतातून भरपूर गाळ आणणाऱ्या नद्यांची वळणे जास्त वेगाने सरकतात आणि जास्त वेळा तुटून वेगळी होतात. म्हणजे आकार गाळाची जागा ठरवतो आणि बसलेला गाळ पुन्हा आकार बदलतो. यातले एक हलवले की दुसरे हलणारच.

आता चिपळूणकडे येऊ. 22 जुलै 2021 च्या महापुरानंतर वाशिष्ठी नदीतला गाळ काढा म्हणून तिथल्या नागरिकांनी उपोषण केले. घरात पाणी शिरलेल्या माणसाची ही मागणी मला पूर्ण समजते. त्या पावसात डोंगरांवरून कोसळलेल्या दरडींची मातीही नदीत आली होती. गाळ काढू नये असे माझे म्हणणे नाही. पण नुसते खोल आणि रुंद करत सुटल्याने काम होत नाही, आणि ओढ्यानाल्यांच्या खोलीकरणात हेच राज्यभर चालले आहे. पात्र गरजेपेक्षा रुंद केले की तेच पाणी पसरते, मंदावते आणि आणलेली माती तिथेच टाकते. तळात खड्डा केला की त्याची वरची कड प्रत्येक पुरात खचत वरच्या अंगाला सरकते. तिथले पूल आणि काठ उघडे पडतात. पोकलेनने काढलेला ढीग काठावरच ठेवला तर पुढच्या जुलैत तोच पुन्हा पात्रात येतो.

म्हणून किती लाख घनमीटर काढायचा हा आकडा ठरवण्याआधी तीन गोष्टी कागदावर हव्यात. पावसाळ्याआधी आणि नंतर ठरावीक अंतरांवर घेतलेले पात्राचे आडवे छेद. वळणावर आतल्या काठाला बसलेला कोणता थर नदी दरवर्षी पुन्हा आणून टाकते याची नोंद, कारण तो उपसण्यात पैसा वायाच जातो. आणि पूल, भराव वा बांधकामामुळे पाणी कुठे अडून गाळ टाकते याचा नकाशा. वाशिष्ठीला भरतीचे पाणी वर येते आणि कोयनेच्या वीजघरांतून सुटणारे पाणीही मिळते, म्हणून तिची प्रतिकृती खडकवासल्यात चालवून पाहावी. सिंधूसाठी जे केले ते वाशिष्ठीसाठी करायला अडचण नसावी. छेदांचे मोजमाप हे एका पावसाळ्याचे काम आहे, आणि ते निविदा निघण्याच्या आधी व्हायला हवे.