सबळ नायिकेचा खोटा जन्मदाखला

१/ घरात एकटी स्त्री, दाराबाहेर अनोळखी पावले, तोडलेली टेलिफोनची तार. या साच्यातील थरारपटांविषयी एक समज हल्ली ठामपणे मांडला जातो : पूर्वीच्या नायिका केवळ किंचाळत; सबळ नायिका ही एकविसाव्या शतकाची देणगी. हा समज इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. शिवाय तो ज्या मापाने स्त्रीचे बळ मोजतो, ते मापच खोटे आहे. (धागा)

२/ आरंभ रंगभूमीवर होतो. विसाव्या शतकाच्या प्रारंभी आंद्रे द लॉर्द यांचे ‘ओ तेलेफोन’ हे फ्रेंच नाटक आले. परगावी गेलेला नवरा टेलिफोनवरून आपल्या घरावरचा हल्ला ऐकतो आणि हतबल होतो. त्या निर्णायक प्रसंगी रंगमंचावर दिसतो तो नवरा. जिच्यावर घाला पडतो, ती दिसतही नाही.

३/ १९०९ साली डी. डब्ल्यू. ग्रिफिथ यांनी हीच कल्पना ‘द लोनली व्हिला’मध्ये वापरली. आता कॅमेरा घरात शिरला. आई आणि मुली दाराला सामान लावून दरोडेखोरांना थोपवतात. नवरा वेळेवर पोहोचतो. या लघुपटाचे नाव चित्रपटाच्या इतिहासात वारंवार येते. त्यानंतर चारच वर्षांनी घडलेल्या गोष्टीचे मात्र क्वचितच.

४/ १९१३. ‘सस्पेन्स’. दिग्दर्शन लोईस वेबर आणि फिलिप्स स्मॉली यांचे. नायिकेच्या भूमिकेतही वेबरच. पडद्याचे तीन त्रिकोणी भाग करून घरात शिरणारा भटक्या, फोनवर बोलणारी पत्नी आणि कार्यालयातला पती एकाच चौकटीत दाखवले आहेत. म्हणजे ‘एकटी स्त्री आणि घुसखोर’ हा प्रकार बाल्यावस्थेत असतानाच एका स्त्रीने त्याचे व्याकरण घडवले होते.

५/ आक्षेप येतो : तिथेही पतीच वाचवतो ना? खरे आहे. पण धोका प्रथम ओळखते ती. बाळाला घेऊन दार लावून घेते ती. तार तुटण्याआधी नेमके काय घडत आहे हे कळवते तीही. तिचा तो फोन वगळला, तर धावून येणारा पती उरतच नाही.

६/ १९४३ साली ल्युसिल फ्लेचर यांची ‘सॉरी, राँग नंबर’ ही नभोनाटिका आली. अंथरुणाला खिळलेली स्त्री चुकून जुळलेल्या फोनवर एका खुनाचा बेत ऐकते. फ्लेचर यांनीच पटकथा लिहिलेल्या १९४८ च्या चित्रपटात (नायिका बार्बरा स्टॅनविक) उघड होते की मारेकरी नेमणारा तिचाच नवरा आहे. कुलूप बाहेरच्यासाठी, धोका घरातला.

७/ १९५४ च्या हिचकॉक यांच्या ‘डायल एम फॉर मर्डर’मध्येही मारेकरी पतीनेच पाठवलेला. ग्रेस केलीची नायिका हाती आलेल्या कात्रीने त्याला ठार करते. मग न्यायालय तिलाच खुनी ठरवून फाशी सुनावते. हातात शस्त्र आले म्हणजे स्त्री सबळ, असे मानणाऱ्यांनी या कथेचा उत्तरार्ध अवश्य पाहावा.

८/ त्याच नाटकाचे लेखक फ्रेडरिक नॉट यांचे नंतरचे एक नाटक ‘वेट अंटिल डार्क’. चित्रपट १९६७ चा. ऑड्री हेपबर्नची अंध नायिका घरातले दिवे फोडते. अंधार तिच्या सवयीचा. आता तो घुसखोरांच्याही वाट्याला येतो. तिची उणीव हेच तिचे रणांगण बनते.

९/ १९९९ च्या ‘कौन’मध्ये ऊर्मिला मातोंडकरची नायिका याच साच्याला उलटे करते. शेवट येथे सांगणे अनुचित. एवढेच, की भेदरलेली स्त्री म्हणजे असहाय स्त्री, हे गृहीतक प्रेक्षक स्वतःच सोबत घेऊन येतो. २०१६ च्या ‘हश’मधील कर्णबधिर लेखिका सुटकेचे मार्ग मनात एकेक करून तपासते. तिची भूमिका करणाऱ्या केट सीगल पटकथेच्याही सहलेखिका आहेत.

१०/ या शंभर वर्षांत नायिका ‘सबळ झाली’ असे म्हणणे चूक. ती विचार करत होतीच. पाहणाऱ्याने फक्त प्रहार मोजले. लपणे, वेळ काढणे, आवाज न करणे या कृतींना दुर्बलता ठरवले गेले.

११/ आणि हे माप चित्रपटगृहापुरते राहत नाही. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडले. तिच्या शरीरावर प्रतिकाराच्या खुणा नाहीत, या मुद्द्याला त्यात मोठे वजन होते. ‘ती लढली का नाही?’ हाच तो प्रश्न.

१२/ उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर यांनी १९७९ साली खुले पत्र लिहून त्या निकालाला आव्हान दिले. देशभर आंदोलन उभे राहिले. १९८३ साली कायदा बदलला. केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही म्हणून संमती गृहीत धरता येणार नाही, हे शब्द कायद्यात यायला मात्र २०१३ साल उजाडले.

१३/ म्हणून ‘सबळ नायिका कालपरवा जन्मली’ हे विधान निरुपद्रवी नाही. ते वेबर आणि फ्लेचर यांची नावे पुसते. आणि न लढता वाचलेल्या प्रत्येक स्त्रीला पुन्हा आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करते. पुढच्या वेळी असा चित्रपट पाहताना तिच्या हातात काय आहे हे जरूर पाहावे; पण त्याआधी तिच्या ध्यानात काय आले आहे, ते पाहावे. (समाप्त)