स्निग्धाची तृप्ती आणि शेंगदाण्याची बाजू

सातारा-सांगलीकडील घरांतून हल्ली दोन परस्परविरुद्ध मते सारख्याच निःशंकतेने ऐकू येतात: स्निग्ध तेवढे मेदवर्धक, सबब शेंगदाणा ताटातून हद्दपार करावा, हे एक, आणि सकाळी चमचाभर तूप वा खोबरेल तेल घेतले की दिवसभर भूक लागतच नाही, हे दुसरे. दोन्ही दावे नामंजूर करण्याजोगे आहेत.

दुसऱ्याचा समाचार आधी घेऊ. बारा वा अधिक कार्बन-अणूंची साखळी असलेली मेदाम्ले लहान आतड्यात पोहोचली की कोलेसिस्टोकायनिन हे संप्रेरक स्रवते, जठर रिते होण्याची गती मंदावते व तृप्तीची वर्दी मेंदूला पोहोचते, हे निर्विवाद. परंतु ही वर्दी येईपर्यंत, ग्रॅममागे ९ कॅलरी, म्हणजे पिष्टाच्या वा प्रथिनाच्या दुपटीहून अधिक ऊर्जा देणारे तेल पुष्कळसे पोटात गेलेले असते. सांगलीचे भडंग पाहा: चिरमुऱ्याच्या हलक्या अंगाला माखलेले तेल दातांना जाणवत नाही, म्हणूनच मुठीमागून मूठ जाते. तुपातील संपृक्त, करडईतील बहु-असंपृक्त वा गोडेतेलातील ओलेइक अशा प्रकारभेदाने भूक किती पालटते, याविषयी प्रयोगांचे निष्कर्ष एकमुखी नाहीत. मग एका चमच्यावर एवढी भिस्त कशासाठी?

पहिला पक्ष आता सिडनीच्या सुझाना होल्ट यांचा १९९५ चा दाखला पुढे करील. समान ऊर्जेचे ३८ पदार्थ खाऊ घालून त्यांनी तृप्ती मोजली, तेव्हा उकडलेला बटाटा अग्रस्थानी आला आणि शेंगदाणे पांढऱ्या पावाच्याही खाली राहिले. हरकत वजनदार आहे. मात्र ती मोजणी दोनच तासांची होती. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाचे रिचर्ड मॅट्स यांच्या प्रयोगांत शेंगदाणे खाणाऱ्यांनी पुढे इतर अन्न आपोआप कमी खाऊन त्या ऊर्जेची बरीचशी भरपाई केली. शिवाय दाण्याचे तेल पेशींच्या भिंतींआड असते, चावताना न फुटलेल्या पेशींतील काही अंश न पचताच बाहेर पडतो, आणि दाण्याच्या वजनाचा सुमारे चौथा हिस्सा प्रथिनाचा असतो. माण-खटावापासून जत-आटपाडीपर्यंत शाळूच्या भाकरीशी खाल्ली जाणारी, उखळात जाडसर कुटलेली शेंगदाण्याची चटणी मला म्हणूनच शास्त्रशुद्ध अन्न वाटते. शेंगदाणा बंद करण्याचा हुकूम सोडण्यापूर्वी वैद्याने तो भाकरीबरोबर चावला जातो की तळणीचे तेल होऊन पोटात उतरतो, एवढी चौकशी केलीच पाहिजे.