अपुरी सजा आणि सरकारचे मौन

दिनांक 12 नोव्हेंबर 2006 रोजी पहाटे चारच्या सुमारास, मुंबईत वांद्र्याच्या कार्टर रोडवर, रस्त्याच्याच कामावर राबणारे मजूर पदपथावरील तात्पुरत्या झोपड्यांत गाढ झोपेत असता एक भरधाव मोटार त्यांच्या अंगावर गेली व सातजण प्राणास मुकले. आणि या सात जिवांबद्दल सत्र न्यायालयाने, केवळ निष्काळजीपणाचे कलम लागू धरून, जी सजा फर्मावली ती सहा महिन्यांची साधी कैद व पाच लाख रुपये दंड एवढीच होती. उच्च न्यायालयाने प्रकरणाची दखल आपण होऊन घेतली, सरकारनेही अपील गुदरले, आणि सदोष मनुष्यवध शाबीत धरून तीन वर्षांची सक्तमजुरी झाली. पुढे 2012 साली, आरोपीच्याच अपिलात, सर्वोच्च न्यायालयाने ही तीन वर्षेदेखील फारच तोकडी असल्याचे निकालपत्रात नमूद केले. परंतु सरकारने आमच्याकडे अपील केलेले नाही, सबब सजावाढीच्या प्रश्नात आम्ही शिरत नाही, असे म्हणून तो विषय तेथेच सोडून दिला.

सजा अपुरी आहे एवढ्याच कारणास्तव अपील करण्याचा अधिकार 1898 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत सरकारलाही नव्हता. उच्च न्यायालयाच्या मनात आले तर फेरतपासणीत सजा वाढे, इतकेच. 1974 पासून अंमलात आलेल्या संहितेने 377 व्या कलमान्वये तो अधिकार दिला, आणि आजच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तोच 418 वे कलम होऊन बसला आहे. किल्ली मात्र एकट्या सरकारच्या हाती. ज्याचा मुलगा मारला गेला त्या बापास, आरोपी निर्दोष सुटला तर अपील करता येते, हलक्या गुन्ह्याखाली दोषी ठरला तर करता येते, नुकसानभरपाई थोडी मिळाली तरीही करता येते. सजा थोडी झाली तर मात्र येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली अशाच एका पित्याच्या प्रकरणात स्पष्ट केले.

दीर्घ सजांचा मी पुरस्कर्ता नव्हे. कैद भोगून घरी परतलेल्या, पुन्हा कामधंद्यास लागलेल्या माणसास काही वर्षांनी परत आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्यात क्रौर्य आहेच, आणि म्हणूनच अशा अपिलात, आपण मुळात निर्दोषच आहो, असे म्हणण्याची जी मुभा कायद्याने आरोपीस ठेवली आहे ती मला फार शहाणपणाची वाटते. वर्तमानपत्रांत गदारोळ उठला म्हणजे जाग यावी आणि एरवी नस्ती मेजावर पडून राहावी, ही सरकारी रीत मात्र आरोपीच्याही हिताची नाही. कारण मुदत टळल्यावर विलंबमाफीच्या अर्जासह आलेले अपील त्याच्या डोक्यावर अकारण अधिक काळ टांगलेले राहते.

सबब, गंभीर गुन्ह्याच्या प्रत्येक निकालानंतर, सरकारी वकिलाचा अभिप्राय व विधी व न्याय विभागाचा निर्णय मुदतीच्या आत व्हावा, आणि निर्णय अपील न करण्याचा असेल तर त्याची कारणे फिर्यादीस सहीशिक्क्यानिशी लेखी कळवावीत, एवढे बंधन सरकारने स्वतःवर घालून घेण्यास कायदा बदलण्याचीही गरज नाही. उच्च न्यायालयाच्या 2007 च्या निकालानंतर त्या सात मजुरांच्या घरी असा कागद धाडण्याची पाळी आली असती, तर तीन वर्षे पुरेशी का, हे लिहिताना एखाद्या अवर सचिवाची लेखणी निदान अडखळली असती.